थोरलं की धाकटं

बाबांनी पाटी रंगवूनही टाकली होती. वर ‘डॉ.’, पुढे माझं नाव आणि खाली सोनेरी अक्षरांत थोरल्या कॉलेजचं नाव. माझा पहिला तास अजून व्हायचा होता, पण पाटी दुकानाच्या काचेत उभी राहिली आणि सगळी गल्ली मला अडवून अडवून अभिनंदन करू लागली. आनंद झाला की लोक हसतात, नाचतात. आमचे बाबा पाट्या रंगवणारे, ते ब्रश उचलतात.

थोरलं म्हणजे शंभर वर्षांचं, दगडी खांबांचं मेडिकल कॉलेज. त्याने मला दोनदा वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या. तिसऱ्या खेपेला घेतलं, आणि त्याच आठवड्यात सहा वर्षांच्या धाकट्या कॉलेजनेही घेतलं. आज पाचपर्यंत एकाला हो कळवायचं होतं. दुसरीकडची जागा गेली ती गेलीच. सव्वाचार वाजले होते. मला धाकटं हवं होतं, आणि बाबांना तसं सांगायची माझी छाती होत नव्हती. काचेत ती पाटी चकाकत होती ना!

तेवढ्यात आई आली. ती शाळेची बस चालवते. चाळीस पोरांचा कालवा ऐकून आल्यावर तिला आडवळणाचं बोलणं सोसत नाही.

"सांगितलंस का यांना?"

"काय सांगायचंय?" बाबांनी मान वर केली.

मी एका दमात सांगून टाकलं. बाबांनी ब्रश पुसला, डबा बंद केला, मग म्हणाले, "धाकट्याच्या मुलाखतीला आलो होतो ना मी तुझ्याबरोबर? फाटकावरची पाटी पाहिली मी त्यांची. खडूची रेघ मारलेली नाही, मापं घेतलेली नाहीत. सुरुवातीला ऐसपैस आणि शेवटची अक्षरं कोपऱ्यात कोंबलेली. ज्यांना स्वतःची पाटी धड करता येत नाही, ते माझ्या मुलीला डॉक्टर करणार?"

म्हणजे माझ्या आयुष्याचा निकाल एका फाटकावरच्या रंगावर! माझं डोकंच सणकलं. पण आई आधी बोलली.

"अहो, आपल्या दुकानावर पाटी आहे का? बावीस वर्षं झाली."

बाबांनी वळून दाराच्या वर पाहिलं. हे त्यांच्या खरंच कधी लक्षात आलं नव्हतं, असं त्यांच्या तोंडावरून दिसलं.

"काय आहे तरी काय तिथे?" त्यांनी जरा खालच्या आवाजात विचारलं.

मग मी सांगितलं. थोरल्या कॉलेजात तीन प्राध्यापक टेबलामागे बसले होते. दोनदा प्रवेश का हुकला, एवढंच फिरवून फिरवून विचारत होते. धाकट्यात एका प्राध्यापिकेने आम्हा चौघा उमेदवारांना थेट वॉर्डात नेलं. एक आजोबा तीन दिवस धड जेवत नव्हते. "बोला त्यांच्याशी," एवढंच म्हणाल्या. बाकीचे पोट, ताप, झोप विचारत बसले. मी चार वर्षं दुसऱ्या एका हॉस्पिटलच्या वॉर्डात मदतनीस आहे, हजारो ताटं उचलली आहेत. मी आधी त्यांचं ताट पाहिलं. पातळ सगळं संपलेलं, चावायचं तेवढं तसंच.

"आजोबा, कवळी कुठाय?" मी हळूच विचारलं.

ते लाजून कुजबुजले, "हरवली." कवळ्या हरवतात कुठे, हे आम्हा ताटवाल्यांना पाठ असतं. चादरीत गुंडाळून धुलाईला. मी खाली जाऊन धुलाईवाल्या बाईंकडून ती आणली, धुतली, आजोबांच्या हातात दिली.

"मग? जेवले?" बाबा स्टुलाच्या टोकावर आले होते.

"ताट पुसून! आणि बाबा, तिथे पहिल्या आठवड्यापासून पेशंटजवळ बसवतात. थोरल्यात दोन वर्षं पेशंट दिसतसुद्धा नाही. मला थांबायचं नाहीये आता. खूप थांबले मी."



बाबा उठले. टर्पेंटाइनचा बोळा घेऊन पाटीखालची सोनेरी ओळ त्यांनी दोन फटक्यांत साफ केली. "बघत काय बसलीस? दाब ते फोनवरचं बटण."

पाचला वीस मिनिटं कमी असताना मी धाकट्याला हो कळवलं आणि थोरल्याला नाही. दुसरं बटण दाबताना मला इतकं हसू फुटलं, की आईला फोन धरावा लागला.

बाहेर शेजारचे चष्मेवाले काका काचेसमोर थांबले होते. पाटीवरची ओळ गेलेली पाहून त्यांचा चेहरा पडला. "काय हो, थोरल्याने शेवटी नाही म्हटलं वाटतं?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा दारात जाऊन उभे राहिले.

"छे! त्यांनी हो म्हटलं होतं," ते म्हणाले. "हिने नाही म्हटलं."

आणि काकांचं उत्तर यायच्या आत ते रस्ता ओलांडून समोरच्या न्हाव्याला सांगायला गेले.