बंद कोठीत छापलेला कागद

मित्रांनो, जरा जवळ या. कागद ओढताना मला आता दम लागतो, आवाजही खरखरतो. मी इस्राएलमधल्या अश्केलोन शहरातल्या एका वृद्धाश्रमाचा प्रिंटर. ब्याण्णव साली खोक्यातून निघालो तो थेट नर्सच्या टेबलावर बसलो. सहा वर्षं औषधांचे कागद छापले. जूडिथ नर्स मूळची मुंबईची. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "कधी दगा देत नाही हा!" मी केवढा फुगायचो!

ज्यू लोकांच्या पेसाख सणाला दोन दिवस उरले होते आणि नवा प्रिंटर आला. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या दोरोनने मला उचलून खाली जेवणघरालगतच्या कोठीत ठेवलं, वायरी जोडल्या. सणानंतर मी स्वयंपाकाच्या याद्या छापायच्या होत्या. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग दोरोन यादी घेऊन एकेका कॉम्प्युटरची सेटिंग बदलत फिरला, म्हणजे यापुढे कागद माझ्याकडे न येता नव्याकडे जावेत. डॉक्टर रिव्कांची खोली तेवढी बंद होती. नंतर करू म्हणाला आणि विसरला.

सणाच्या दिवशी सकाळी याकोव आला. स्वयंपाकघरातले धर्माचे नियम पाळले जातात की नाही, हे तो बघतो. पेसाखात पावासारखं आंबवलेलं काही चालत नाही. म्हणून सगळे पाव, बिस्किटं माझ्या कोठीत कोंबून त्याने कुलूप घातलं, वर चिकटपट्टी लावली. अशी खोली सणापुरती कागदोपत्री परधर्माच्या माणसाला विकतात आणि आठवडाभर उघडत नाहीत. आत मी चालूच होतो, हे कुणाच्या ध्यानीमनीही नाही.

बाहेर आश्रमात राहणारे सामाजीकाका हसत होते. "आमच्या कोकणात आम्ही ज्यू लोक ह्या सणाला आंबटाचं मडकं झाकायचे. हितं अख्खी कोठीच झाकतात!"

दुपारी बाराला डॉक्टर रिव्कांच्या कॉम्प्युटरवरून मला हुकूम आला. मी इमानाने छापलं: 'सामाजी. रक्त फारच पातळ झालं आहे. आजची गोळी देऊ नये. ताबडतोब हॉस्पिटलात न्यावे.' त्यांच्या पडद्यावर 'छापले' असं आलं असणार. त्या खोली बंद करून सणासाठी दूर एलातला जाणाऱ्या बसला गेल्या.

कागद माझ्यापुढे पडून राहिला. आश्रमाची रीत अशी, की नवा कागद आला नाही तर कालचीच गोळी द्यायची. काकांची रक्त पातळ ठेवायची गोळी पाच वाजता असायची. मी दिवा लुकलुकवत राहिलो. त्या अंधाऱ्या कोठीत तो कोण बघणार?

पावणेपाचला दाराबाहेर जूडिथचा आवाज आला. "काका, हातावर हे काळंनिळं कसलं?"

"कुठं आपटलो नाय गो. दे ती गोळी, पाणी घेऊन बसलोय."

"थांबा!" तिने दोरोनला हाक मारली. "डॉक्टरांचा कागद कसा आला नाही रे?"

"बेसेदेर, सगळं ठीक आहे," दोरोन म्हणाला. "सगळ्या सेटिंग बदलल्यात."

"यादी दाखव बघू."

ती मोठ्याने खुणा मोजू लागली. मग ती ओरडली, "अरे, सात कॉम्प्युटर आणि सहाच खुणा! डॉक्टरांचा कागद त्या जुन्याकडे गेलाय. कुठाय तो?"

दोरोन पुटपुटला, "कोठीत. पण ती तर विकलीय. उघडायची कशी?"

"गोळी दिली आणि रक्त वाहू लागलं तर? नाही दिली आणि हृदयात रक्ताची गाठ झाली तर? डॉक्टरही बसमध्ये. मी करू तरी काय?" जूडिथला रडू फुटलं.

याकोव धावतच आला. ती काकुळतीने काही सांगू लागली, तेवढ्यात त्याने चर्रकन पट्टी फाडली. "माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे आणि मला विचारत उभे काय राहता?" कुलूप निघालं, उजेड आत आला. जूडिथने कागद उचलला, वाचला आणि अँब्युलन्स बोलवायला धावली.

काकांना लगेच हॉस्पिटलात नेलं. सहा दिवसांनी ते परत आले. पण सणाचं पहिलं जेवण त्यांना आमच्यात करता आलं नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची धूळ पुसा, आम्हाला हलवलंत तर सगळ्यांना सांगा. आम्ही सांगाल तिथे छापतो. तिथे माणूस आहे की नाही, आम्हाला कळत नाही. म्हणून कागद पाठवलात की एकदा विचारत जा, "मिळाला का?" त्या दिवशी पाच तास मी ह्या दोन शब्दांची वाट बघत होतो.