सदतीस दाखवणारी पेटी

मी प्रयोगशाळेतला एक जुना वॉटर बाथ आहे. स्टीलची पेटी, आत पाणी, खाली तापणारी तार आणि समोर तापमानाचा लाल आकडा. मित्रांनो, माझी हकिगत सांगताना मान वर करवत नाही, तरी सांगतो.

नवा आलो तेव्हा माझं फार कौतुक झालं. माझ्या पाण्यात काचेच्या छोट्या बश्या ठेवत. त्यांत हृदयाच्या पेशी वाढवलेल्या असत आणि त्या चक्क धडधडत. त्यांना अंगाइतकी, म्हणजे सदतीस अंशांची ऊब लागे. ती देणं एवढंच माझं काम. दहा वर्षं मी ते चोख केलं.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम रक्तातल्या एका प्रथिनावर संशोधन करत. ते प्रथिन तुटलं की त्याचे बारीक तुकडे होतात. असा तुकडा हृदयाच्या पेशीला बाहेरून चिकटतो, पेशीच्या आत निरोप जातो आणि ठोक्यांचा वेग बदलतो. तो कसा बदलतो, हेच मॅडम मोजत होत्या. त्या तुकड्यांची पूड तोलून द्रावण करायच्या मावशी. बावीस वर्षं त्यांचा हात त्या तराजूवर बसलेला.

सकाळी मॅडम नुसत्या पेशींचे ठोके मोजत, दुपारी द्रावण घातलेल्या पेशींचे. दुसऱ्या एका प्रयोगशाळेत या तुकड्याने ठोके मंदावत होते. आमच्याकडे वाढत होते. मॅडमनी तीनदा प्रयोग केला, तीनदा तेच.

"मावशी, वजनात गडबड होतेय तुमची," मॅडम एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाल्या. "वय झालं की नजर चुकते. उद्यापासून तुम्ही काचसामान धुवा."

"बरं," मावशी म्हणाल्या आणि चष्मा पुसत राहिल्या.

दोष माझा होता. तापमान मोजून सांभाळणारा माझा एक भाग झिजला होता. सकाळी मी ठीक असे. चार-पाच तास चाललो की पाणी चाळीसवर जाई, आणि ऊब वाढली की ठोके आपोआप वाढतात. मला ते कळत होतं. पण बोलायला माझ्याकडे तो एक आकडाच होता, आणि तोच खोटा होता. समोरच्या सिंकपाशी मावशी पाठमोऱ्या उभ्या राहून बाटल्या घासत, आणि मी सदतीस दाखवत राही.

तीन आठवड्यांनी एका दुपारी त्या माझं पाणी बदलायला आल्या. हात बुडवला आणि थबकल्या.

"मॅडम, जरा येता? हे पाणी सदतीसचं नाही."

"आकडा तर सदतीसच आहे."

"असू दे. दोन नातवंडांना आंघोळ घातलीय मी. हाताला कळतं."

मॅडमनी तापमापी बुडवली. चाळीस अंश.

मग नव्या पेटीत प्रयोग झाला, मावशींनी पूर्वी केलेल्याच द्रावणाने. ठोके मंदावले. मॅडमनी सगळ्यांना बोलावलं.

"पेटी न तपासता मी मावशींवर आळ घेतला," त्या म्हणाल्या. "मावशी, मला माफ करा."

"झालं गेलं. वजनाला कधीपासून बसू?"

मला धुण्याच्या खोलीत हलवलं. आता माझ्या पाण्यात बाटल्यांच्या चिकटपट्ट्या सुटतात. वजनाची खोली शेजारीच आहे. पूर्वी मावशी कुणाला विचारत नसत. त्या दिवसापासून पूड तोलली की दर वेळी त्यांची हाक ऐकू येई, "मॅडम, एकदा बघून घ्या."

"अहो मावशी, माझा विश्वास आहे."

"तरी बघा."

निवृत्त होईपर्यंत त्या तशीच हाक मारत राहिल्या.

मित्रांनो, यंत्र घरातलं असो वा शाळेतलं, त्याला जपा, वेळच्या वेळी तपासा. आकड्याचा आणि माणसाचा मेळ बसेना, तर आधी आमच्यावर संशय घ्या. यंत्राचा त्यात अपमान होत नाही. माणसाचा होतो, आणि माफी मागूनही तो पुरता पुसला जात नाही.