चौथी खुर्ची

खडू सिस्टरनी गणित शिकवणं सोडून बरीच वर्षं झाली होती, पण ते नाव काही सुटलं नव्हतं. आता शाळेचं प्रार्थनाघर आणि वर्षअखेरचं बातमीपत्र एवढंच त्यांच्याकडे होतं. बातमीपत्रात दरवर्षी तेच: खेळातली बक्षिसं, निवृत्त होणाऱ्या बाईंचा फोटो, आणि 'अभ्यासाच्या सवयी' या मथळ्याखाली पहाटे उठण्याचा सल्ला, जो लिहिणाऱ्या सरांनीही जन्मात पाळला नसावा. शेवटी एक चौकट असे. यंदा शाळेतल्या कोणत्या मुलीने सिस्टर व्हायचं ठरवलं, ते त्या चौकटीत यायचं. ती किती वर्षं कोरी जात होती हे खडू सिस्टर मोजत नसत.

सिस्टर राहत त्या कॉन्व्हेंटमध्ये त्या धरून तिघीच उरल्या होत्या. जेवणाचं टेबल मात्र बारा जणींचं. बाकीच्या खुर्च्या अडगळीत गेल्या होत्या, तिघी एका टोकाला बसत आणि उरलेल्या टेबलाकडे बघायचं टाळत.

म्हणून शिडी नजरेत भरली तशा सिस्टर हरखूनच गेल्या. शिडी म्हणजे शेवटच्या वर्गातली उंच मुलगी, नाव मैत्रिणींनी ठेवलेलं. शाळा सुटली की ती रोज प्रार्थनाघरात यायची, मागच्या बाकाशी गुडघे टेकायची आणि फाटक बंद व्हायची वेळ होईपर्यंत डोळे मिटून ओठ हलवत राहायची. इतकी भक्ती सिस्टरना स्वतःच्या तरुणपणीही जमली नव्हती. तेव्हा त्यांचं अर्धं लक्ष जेवणाच्या घंटेकडे असे.

सिस्टरनी तिला काही विचारलं नाही. अशा गोष्टी उकरून काढायच्या नसतात. त्यांनी मागचा दिवा चालू ठेवायला सुरुवात केली, मग तिच्या गुडघ्यांखाली जाडशी उशी ठेवली. एक दिवस न राहवून स्वयंपाक बघणाऱ्या सिस्टरच्या कानात सांगितलं, आणि तिने त्याच संध्याकाळी चौथी खुर्ची झटकून-पुसून टेबलाला लावली. खडू सिस्टरनी चौकटही भरली: 'आमच्या एका विद्यार्थिनीला देवाची हाक ऐकू आली आहे.'

छपाईच्या आदल्या दिवशी मात्र सिस्टरना वाटलं, पोरीला न विचारता छापणं बरं नव्हे. त्या मागच्या बाकाशी गेल्या.

"बाळ, देवाशी रोज काय बोलतेस गं एवढं?"

शिडीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने उशीखालून रसायनशास्त्राचं पुस्तक काढलं. प्रार्थनाघरात शाळेची पुस्तकं आणायला सक्त मनाई होती, आणि तशी पाटी खुद्द खडू सिस्टरनीच दारावर लावली होती.

"रागावू नका ना, सिस्टर. घरी एकच खोली. आईचं शिलाई मशीन चालू, त्यात धाकटी जुळी एकमेकांच्या झिंज्या उपटत असतात. मागच्या परीक्षेत नापास होता होता वाचले. इथे गुडघ्यावर बसून पाठ केलं की झोप येत नाही." ती अडखळली. "म्हणजे, येत नव्हती. तुम्ही उशी ठेवल्यापासून येते."

सिस्टरना हसावं की रडावं कळेना. मनातल्या मनात त्यांनी या पोरीच्या गळ्यात बातमीपत्राचं काम घातलं होतं, म्हातारपणी तिच्या हातून औषधसुद्धा घेतलं होतं. फार वाईट वाटलं त्यांना.

"आणि प्रार्थना? ती करतेस की नाही?"

"करते ना. निघताना. उद्याही इथून कुणी हाकलू नये म्हणून."

"ऊठ," सिस्टर म्हणाल्या. "पुस्तक घे आणि चल."

मुख्याध्यापिकांकडे नेतायत असं वाटून शिडी रडवेली होऊन मागोमाग गेली. पण सिस्टर जेवणघरात थांबल्या आणि त्यांनी चौथी खुर्ची ओढली.

"बस. लाकडी आहे, डुलकी लागायची नाही. हं, म्हण पहिल्यापासून. चुकलीस तर गाठ माझ्याशी आहे."

"ही कुणाची खुर्ची, सिस्टर?"

"तुझीच. पुसून ठेवली होती."

शिडी घडाघडा म्हणू लागली. सिस्टरनी समोर बसून बातमीपत्राचा कागद काढला आणि चौकटीतली ओळ खोडली. मग त्यांनी पहाटे उठण्याचा सल्लाही खोडला आणि तिथे लिहिलं: 'गुडघे टेकून पाठ केल्यास झोप येत नाही. उशी घेऊ नये.'

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार किलकिलं झालं. स्वयंपाकाच्या सिस्टरने खुर्चीकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा काही फुलला की खडू सिस्टरना बघवेना. ती जवळ येऊन कुजबुजली, "आली? कधीपासून राहणार गं ही आपल्यात?"

"आजपासून," खडू सिस्टर म्हणाल्या. "परीक्षा संपेपर्यंत."

स्वयंपाकाच्या सिस्टरला समजायला जरा वेळ लागला. मग ती आत गेली आणि चौथं ताट घेऊन आली.