रूथशिवायची ग्रामसभा

मार्चच्या पहिल्या मंगळवारी हॅरोबी गावची ग्रामसभा असते. त्या सकाळी मेरिल गॉसलिनने घोटून दाढी केली, स्वतःच इस्त्री केलेला शर्ट घातला आणि जुनी गाडी काढली. बर्फ वितळून रस्त्याचा नुसता राडा झाला होता. मेपलच्या झाडांचा रस उकळून पाक करायचे दिवस, त्यामुळे घराघरांमागून गोड वाफ निघत होती. दरवर्षी या रस्त्याने जाताना तो मनातल्या मनात भांडण जुळवत जायचा. ती असं म्हणेल, मग आपण तसं म्हणू. यंदा डोकं रिकामं होतं. ती येणार नव्हती.

ती म्हणजे रूथ एबलो. न्यूयॉर्कसारखं शहर सोडून व्हरमाँटच्या डोंगरात शेती करायला निघालेल्या पोरापोरींची एक लाट आली होती, त्या लाटेबरोबर ती इथे आली. बाकीचे एक-दोन हिवाळे काढून परत गेले. रूथचा नवराही कंटाळून गेला. ती मात्र राहिली. टेकडीवर एका खोलीचं घर बांधलं, शेळ्या पाळल्या, चीज करून विकलं. मेरिल पिढीजात गाईवाला. आजोबा रिपब्लिकन, बाप रिपब्लिकन, म्हणून हाही रिपब्लिकन. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

दोघांची पहिली गाठ सभेतच पडली. रस्त्यांचा विषय संपत आला होता, तेवढ्यात लांब वेणीची एक मुलगी उठली आणि म्हणाली, अमेरिकेने आणि रशियाने अण्वस्त्रं वाढवणं थांबवावं, असा ठराव गावाने करावा.

मेरिल ताडकन उभा राहिला. "आपल्याला आपल्या रस्त्यावरचा बर्फ हटवता येईना, आणि या बाई रशियाचे बॉम्ब हटवणार!"

सभा खो खो हसली. मुलगीही हसली. मग म्हणाली, "मिस्टर गॉसलिन, तुमचा बर्फ उन्हाळ्यात आपोआप वितळतो. बॉम्ब वितळत नाहीत."

ठराव मंजूर झाला. जेवणाच्या सुट्टीत ती आपली बशी घेऊन थेट त्याच्यासमोर येऊन बसली. मेरिलची बायको क्लॉडेट शेजारीच होती. तिने बाजूला सरकून जागा करून दिली आणि नवऱ्याकडे बघत मिश्कीलपणे म्हणाली, "बरं झालं. घरी याच्याशी भांडून मी दमले होते."

त्यानंतर असं एकही वर्ष गेलं नाही की मेरिल एकीकडे आणि रूथ दुसरीकडे नाही. ती म्हणायची, डोंगरउतारावर बांधकामाला बंदी घाला. तो म्हणायचा, जमीन माझी, मी तिथे राजवाडा बांधीन नाहीतर डुकरं पाळीन, विचारणारं सरकार कोण? पुरुषाने पुरुषाशी लग्न करावं की नाही यावर राज्यभर रान पेटलं, तेव्हाही दोघं समोरासमोर. पुढे मेरिलच्या बहिणीच्या मुलाने त्याच्या मित्राशी लग्न केलं आणि मेरिल त्या लग्नात घाम फुटेस्तोवर नाचला. रूथच्या कानावर ते गेलं. तिने त्यावरून कधी टोमणा मारला नाही. बंदुकीचं नाव काढलं तरी नाक मुरडणारी रूथ मग एका हिवाळ्यात त्याच्या दारात हजर. कोल्ह्यांनी दोन करडं नेली होती.

"तुझी रायफल दे. आणि कुणाला बोललास तर बघ."

तो कुणाला बोलला नाही. पुढच्या वर्षी तिने स्वतःचीच घेतली.

अशी दोघांची मतं सरकत राहिली. सरकता सरकता एकमेकांना ओलांडून पार पलीकडे गेली, पण मधलं अंतर काही मिटलं नाही. क्लॉडेट आजारी पडली, गेली. त्या महिन्यात रूथ रोज सूप घेऊन येत होती. मग अधूनमधून दुपारची कॉफी सुरू झाली. ती पेपरातली एखादी बातमी मोठ्यांदा वाचायची आणि दोघं काळोख पडेपर्यंत तिच्यावर वाद घालायचे. रूथ उठून घरी गेल्यावर स्वयंपाकघर किती शांत होतं, हे मेरिलला कळायचं. त्याहून पुढे त्याने कधी विचार नेला नाही.

मग मैदानाचा विषय आला. जुन्या शाळेमागचं मोठं गवताळ मैदान गावाच्या मालकीचं होतं. एक संस्था म्हणाली, जमीन द्या, आम्ही कामकरी माणसांना परवडतील अशी घरं बांधतो. रूथ उठून म्हणाली, द्या. डोंगरावर वीट लावू नका म्हणणारी हीच ती रूथ. मेरिल म्हणाला, नको. त्या मैदानातलं गवत तो पोरवयापासून कापत आला होता. तो पोटतिडकीने बोलला, आणि जेमतेम का होईना, जिंकला. त्या दिवशी रूथ जेवायला थांबली नाही.

का थांबली नाही, ते त्याला उन्हाळ्यात कळलं. तिची मुलगी नेओमी नर्स होती. आईचे गुडघे गेले म्हणून तिला हॅरोबीत परत यायचं होतं. वर्षभर घर शोधलं. पण गावातलं प्रत्येक रिकामं घर सुट्टीपुरते येणाऱ्या शहरी लोकांनी घेऊन ठेवलेलं. शेवटी नेओमीने ॲरिझोनात नोकरी धरली आणि आईलाच तिकडे बोलावलं.

"मला सांगायचं होतंस ना!" मेरिल ओरडलाच.

"सांगितलं असतं तर तू माझ्याकडे बघून मत दिलं असतंस," रूथ म्हणाली. "मला तसलं मत नको होतं. तुला ते पटायला हवं होतं."

शेळ्या विकल्या गेल्या. निघायच्या दिवशी मेरिलने तिची खोकी गाडीत चढवली. ती काचेतून त्याच्याकडे बघत थांबली. तो म्हणाला, "मागच्या चाकात हवा कमी आहे. वाटेत भरून घे."

आणि यंदा तोच विषय सभेपुढे परत आला होता.

आधी प्रेस्कॉट नावाचा तरुण उठला. साथीच्या काळात बॉस्टनहून येऊन स्थायिक झालेला, घरी बसून कंप्युटरवर काम करणारा. मैदानाच्या ओलीत बेडकं अंडी घालतात, तिथे बांधकाम नको, तो कळवळून म्हणाला. "डोंगर आपल्या मालकीचा नाही. आपण त्याचे पाहुणे आहोत." मेरिलने चमकून वर पाहिलं. हे वाक्य त्याने रूथच्या तोंडून ऐकलं होतं, तिची वेणी काळी होती तेव्हा. मग मेरिलचा पुतण्या ड्वेन उठला. रिपब्लिकन पक्षाची टोपी डोक्यावरून न काढताच म्हणाला, नियम घालून घालून सरकारने घरं महाग करून ठेवलीत, बांधू द्या लोकांना. त्याला पहिली टाळी दिली ती रूथच्या जुन्या मैत्रिणींनी, ज्या एरवी ड्वेनला दारातही उभं करणार नाहीत. कोण कुठल्या बाजूचं, मेरिलला काही उमजेना. आणि ज्या एका माणसाला हे सांगून पोट धरून हसावं, ते माणूस हजारो मैलांवर होतं.

"मेरिल," सभापती लाइल म्हणाला, "मागच्या वेळी तूच हाणून पाडलंस. बोलणार ना?"

मेरिल उठला. सवयीने त्याची नजर समोरच्या बाकावर गेली. तिथे कुणाचा तरी कोट पडला होता.

"मैदान सुंदर आहे," तो म्हणाला. "मी रोज बघतो. अख्खं वर्ष बघतोय. कुत्रंसुद्धा फिरकत नाही तिथे." तो थांबला. "मला गवत आवडतं. पण गवताशी भांडता येत नाही. माणसं असली तर भांडता येतं. इथे राहायला जागाच नसेल, तर आपल्याशी भांडणार कोण? प्रेस्कॉट, तुझ्या बेडकांसाठी एक कोपरा सोडायला सांगू. बाकी बांधू द्या."

कुणी टाळी वाजवली नाही. लोक त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. लाइलने घसा साफ केला आणि सांगितलं, बाजूचे डाव्या भिंतीला, विरोधातले उजव्या. आयुष्यभर मेरिल उजव्या भिंतीला उभा राहिला होता. तो सावकाश डावीकडे गेला. या बाजूने खिडकीतून नदी दिसते, हे त्याला आजच कळलं. इतकी वर्षं ती हे बघत उभी असायची.

ठराव सहज मंजूर झाला.

जेवण न करताच तो गाडीत येऊन बसला आणि फोन लावला.

"बोल. कोण जिंकलं?" रूथने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"तू."

"आणि तू कुठे उभा होतास?"

"डावीकडे. तिथून नदी दिसते."

मग ती हळू म्हणाली, "मेरिल, नेओमीची पोरं इथल्या शाळेत रुळलीत. मी आता परत येणार नाही."

"माहीत आहे."

"मग कशासाठी केलंस?"

"पटलं म्हणून." त्याचा आवाज चिरकला. "तुझी फार आठवण येते, रूथ. हे वेगळं. पण पटलं म्हणून केलं."

ती रडत होती की हसत होती, फोनवर कळेना. "इथे सगळे माझ्याच मताचे आहेत रे," ती म्हणाली. "मी काही बोलले की माना डोलावतात. वेड लागायची पाळी आलीय." मग नाक ओढून तिने विचारलं, "किती मजली बांधणार आहेत?"

"तीन."

"तीन? शाळेवर सावली पडेल! आणि तू गप्प बसलास?"

"तीन बरोबर आहेत. कमी बांधले तर परवडणार नाहीत."

"कुणी सांगितलं तुला?"

खिडकीच्या काचेवर वाफ धरली तरी दोघांचं संपलं नव्हतं.

जूनमध्ये मैदानात खुंट्या ठोकल्या गेल्या. काम सुरू व्हायच्या आधी गावाने मेरिलला शेवटचं गवत कापू दिलं. तो पहाटेच गेला. कापलेल्या गवताचा वास सगळीकडे पसरला. तो वास तिला सांगावा असं त्याच्या मनात आलं आणि त्याने खिशातून फोन काढला. पण ॲरिझोनात अजून सूर्यही वर आला नसेल. ती झोपेत असेल. मेरिल गवताच्या ढिगावर बसला आणि तिकडे उजाडायची वाट बघू लागला.