निळी किटली आणि निवडणुकीचा नोव्हेंबर

दोन हजार सोळा साल होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात विस्कॉन्सिनमधल्या आमच्या लहानशा गावात निम्मे लोक खुशीत होते, निम्मे रडवेले झाले होते, आणि दोन्हीकडच्या लोकांना कॉफी माझ्यातूनच मिळत होती. मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. निळी, पांढऱ्या ठिपक्यांची, इनॅमलची, पोटात बादलीभर पाणी मावेल एवढी मोठी. चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात माझे सगळे आयुष्य गेले.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. पत्र्याला आकार देऊन मला काचेच्या पातळ लेपात बुडवले आणि भट्टीत घातले. बाहेर आले तेव्हा मी इतकी चकचकीत होते की मला उचलणाऱ्या कामगाराने माझ्यात पाहून आपली मिशी सारखी केली. पुढे आमच्या चर्चच्या बायकांनी केक विकून मला विकत आणले.

या लोकांचे आजे-पणजे नॉर्वेहून आलेले. त्यांची कॉफी करायची रीत ऐकून तुम्ही नाक मुरडाल. कॉफीच्या भरड पुडीत अंडे कवचासकट चुरडून कालवायचे, तो गोळा उकळत्या पाण्यात सोडायचा आणि शेवटी थंड पाण्याचा हबका मारायचा. सगळा गाळ तळाला बसतो आणि वर तांबूस, स्वच्छ कॉफी राहते. लग्नात, बारशाला, अंत्यविधीनंतर, सगळीकडे मी असे. माणसे मला नावाजत. एका म्हाताऱ्या पाद्र्याने तर भर प्रवचनात माझे कौतुक केले होते.

इथली आणखी एक रीत सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यामुळेच घडले. इथे कुणाला कॉफी विचारली की तो आधी नको म्हणतो. दुसऱ्यांदा विचारले की म्हणतो, उगाच त्रास कशाला. तिसऱ्यांदा विचारले की म्हणतो, बरं, अर्धा कप. मग तो भरलेला कप पितो आणि वर आणखी एक घेतो. एकदा विचारून जो थांबतो, त्याने विचारलेच नाही असे धरतात.

स्वयंपाकघर दोघींचे होते. कॉफी आर्डिसची आणि बटाट्याच्या पातळ पोळ्या लव्हॉनच्या. दोघी एका वर्गात शिकल्या, एकाच उन्हाळ्यात त्यांची लग्ने झाली आणि विधवाही मागेपुढेच झाल्या. आर्डिसचा आवाज खणखणीत. लव्हॉनचे बोलणे असे की ती काय म्हणाली हे ती निघून गेल्यावर कळावे.

आर्डिसची मुलगी कर्स्टन मॅडिसन शहरात जनमत चाचण्या घेणाऱ्या एका लहान संस्थेत काम करत होती. लोकांना फोन करायचे, कुणाला मत देणार ते विचारायचे आणि हिशोब मांडायचा. राष्ट्राध्यक्षपदाची ती निवडणूक मोठी चुरशीची आणि कडवट होती. माणसे जेवताना भांडत होती. पण कर्स्टनच्या चाचण्या सांगत होत्या की आमचे राज्य आर्डिसच्या उमेदवारालाच मिळणार. आर्डिस ते उन्हाळाभर या स्वयंपाकघरात सांगत राहिली. लव्हॉन पोळी उलटत म्हणायची, "हो का. असेल बाई." आर्डिसला वाटे, मैत्रीण आपल्याच बाजूची आहे.

मतदान आमच्याच चर्चच्या दालनात झाले. आत पडद्याआड लोक मते देत होते आणि इकडे मी वाफाळत होते. त्या दिवशी राजकारण कुणीच बोलले नाही. सगळे हवामानावर बोलले.

दुसऱ्या दिवशी उजाडले ते उलटेच. चाचण्या चुकल्या होत्या. आमचे राज्य दुसऱ्या उमेदवाराला मिळाले होते आणि देशही. रस्त्यावरून काही गाड्या भोंगे वाजवत, झेंडे फडकवत गेल्या. शाळेतल्या एक शिक्षिका वर चर्चमधल्या बाकावर येऊन एकट्याच बसल्या. पेट्रोल पंपावर, म्हणे, लोक एकमेकांच्या बुटांकडे पाहत होते. कोण कुठल्या बाजूचा हे आता कुणालाच ठाऊक नव्हते.

आर्डिस आली ती डोळे सुजवून. लव्हॉन आधीच आली होती आणि तिने सफरचंदाचा केक भाजून आणला होता. ती दर बुधवारीच आणायची. पण आर्डिसने केकाकडे पाहिले आणि विचारले, "साजरा करायला आणलास?"

लव्हॉनने नाही म्हटले नाही; ती केकचे तुकडे पाडू लागली. आर्डिसला तेवढे पुरले.

"तू त्यांना मत दिलंस. आणि सहा महिने माझ्या तोंडावर हो-हो म्हणत होतीस."

"मी असेल म्हणाले," लव्हॉन म्हणाली. "तू मला कधी विचारलंस, आर्डिस? तू मला सांगत होतीस."

आर्डिसने एप्रन काढला, घडी केली, ओट्यावर ठेवला आणि ती निघून गेली. ती परत आली नाही. कुणीतरी विजेवर चालणारे कॉफीचे यंत्र आणून ठेवले आणि मला वरच्या फळीवर उलटे घातले. माझ्या बुडाला एक टवका उडालेला होता, तिथे गंज धरू लागला. त्यापेक्षाही दुसरी गोष्ट मला लागत होती. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी चर्चचे मोठे जेवण असते, खिम्याचे गोळे आणि पोळ्या. आजूबाजूच्या गावांतून माणसे येतात. लव्हॉनने पाद्रीबाईंना कळवले की एकटीच्याने होणार नाही, यंदा जेवण नको. जेवण एकदा मोडले की ते पुन्हा सुरू होत नाही. शेजारच्या गावात तसे झाले होते. या दोघीही मग पुन्हा एका चुलीपाशी उभ्या राहिल्या नसत्या.

नोव्हेंबरच्या शेवटी, सणाच्या सुट्टीला कर्स्टन घरी आली. लव्हॉन तिची धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेली आई. कर्स्टन तळघरात आली तेव्हा लव्हॉन लाटणी आवरून ठेवत होती. कर्स्टन बिचारी खचलेली होती. संस्थेत सगळे डोके धरून बसले होते. कॉलेजात न गेलेले लोक फोनवर कमी सापडले, कितीतरी जणांनी शेवटच्या आठवड्यात मन ठरवले, अशी कारणे ती सांगत होती. लव्हॉनने सगळे ऐकून घेतले.

मग ती म्हणाली, "मलाही तुमच्याकडून फोन आला होता, पोरी. एक मुलगी होती, फार गोड बोलली. कुणाला मत देणार म्हणाली. मी म्हटलं, अजून ठरवलं नाही."

"आणि खरं?"

"ठरवलं होतं की. पण तिनं एकदाच विचारलं आणि पुढच्या प्रश्नावर गेली."

कर्स्टन तिच्याकडे पाहतच राहिली. मग ओट्याला टेकून हसायला लागली, इतकी की तिच्या डोळ्यांतून पाणी आले. "मावशी, आम्ही देशभर फोन करतो. प्रत्येकाला तीनदा कसं विचारणार?"

"मग नॉर्वेच्या लोकांना फोन करू नका," लव्हॉन म्हणाली.

कर्स्टन घरी गेली आणि आईला काय बोलली ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी आर्डिस आली. कोट न काढताच उभी राहिली आणि तिने विचारले, का दिलंस मत?

लव्हॉन म्हणाली, जाऊ दे.

आर्डिसने पुन्हा विचारले. लव्हॉन म्हणाली, त्यात सांगण्यासारखं काय आहे.

आर्डिसने कोट काढला, स्टूल ओढले आणि ती बसली. "लव्हॉन, मी विचारतेय."

मग लव्हॉन बोलली. तिच्या ऑर्लिनने, म्हणजे मुलाने, दुधाला भाव मिळेना म्हणून निम्म्या गायी विकल्या होत्या. ज्या दिवशी गायी न्यायला ट्रक आला त्या दिवशी तो गोठ्यातून बाहेरच आला नाही. अशात एक उमेदवार हे बदलतो म्हणाला. "मी दिव्याच्या खांबालाही मत दिलं असतं," ती म्हणाली. आणि जरा थांबून तिने विचारले, "तू एवढी का रडलीस?"

आर्डिस म्हणाली, काही नाही. लव्हॉन थांबली नाही, तिनेही पुन्हा पुन्हा विचारले. तेव्हा आर्डिसने सांगितले की आपली मेक्सिकोची सून नोएमी, तिच्या भावाकडे या देशात राहायची कागदपत्रे नाहीत. तो याच गावातल्या एका गोठ्यात दूध काढतो. जिंकलेला उमेदवार अशांना देशाबाहेर काढणार म्हणाला होता, म्हणून निकाल लागल्यापासून नोएमी दारावर टकटक झाली की मुलांना आत ओढते.

लव्हॉनला भावाचे हे माहीत नव्हते. ती बराच वेळ हातातले फडके घडी करत राहिली. त्यांचे मत काही एक झाले नाही, मित्रांनो. आर्डिस शेवटपर्यंत म्हणत राहिली की तू चुकलीस, आणि लव्हॉन म्हणत राहिली, असेल बाई. पण आर्डिस उठली, स्टुलावर चढली आणि तिने मला खाली घेतले. माझा गंज खरवडताना ती त्या विजेच्या यंत्राला नावे ठेवत होती. जेवण झाले. पोळ्या कमी पडल्या, त्यावरून दोघींचे थोडे वाजलेही.

पुढे ऑर्लिनने उरलेल्या गायीही विकल्या. आता तो शाळेची बस चालवतो. नोएमीचा भाऊ स्वतःहून मेक्सिकोला परत गेला आणि तिकडे त्याने लग्न केले. कर्स्टन अजून चाचण्या घेते. काही घरांत स्वतः जाते, स्वयंपाकघरात बसते, म्हणून तिची कामे उशिरा होतात आणि साहेब कुरकुरतो. तरी तिचा अंदाज कधी बरोबर येतो, कधी नाही. चार वर्षांनी पुढची निवडणूक आली तेव्हा आर्डिस आणि लव्हॉन एकाच गाडीतून मतदानाला आल्या आणि विरुद्ध मते देऊन, एकमेकींचे मत खोडून परत गेल्या. लव्हॉन दोन वर्षांपूर्वी वारली. तिच्या अंत्यविधीनंतरची कॉफी आर्डिसने केली. आता तिचे गुडघे जिना उतरू देत नाहीत.

तिच्या जागी नोएमी आहे. ती अंड्यासोबत चिमूटभर दालचिनी घालते. पहिल्यांदा घातली तेव्हा म्हाताऱ्या मंडळींनी घोट घेतला, एकमेकांकडे पाहिले आणि म्हणाले, वेगळी आहे. मग त्यांनी कप पुढे केले.

माझे एवढेच मागणे आहे, मित्रांनो. मला तारेच्या घासणीने घासू नका; इनॅमलला ओरखडा गेला की तो भरून येत नाही. मऊ फडक्याने पुसा आणि फळीवर चढवू नका. चुलीवर असले की मी अजून पुष्कळ वर्षे टिकेन.