नखाएवढे पडदे

मुरुम गावची नूरुन्निसा ब्लाऊज शिवते. नातेवाइकांकडं तिचं बारीक काम पाहून पुण्यातल्या एका निवृत्त रेल्वे गार्डनं तिच्याकडं खेळातल्या रेल्वेचा वीतभर डबा पाठवला. आत कापडी गाद्या बसवायच्या होत्या आणि खिडक्यांना नखाएवढे पडदे. जुन्या ओढणीला खळ लावून तिनं पडद्यांच्या चुण्या सुईवर पाडल्या. गाद्या मात्र सगळ्या एकाच दिशेला तोंड करून चिकटवल्या.

तिनं पाठवलेला फोटो बघून गार्डसाहेबांचा फोन आला.

"बाई, तुम्ही कधी रेल्वेत बसलाय का?"

"न्हाय. आमच्याकडं एसटीच."

"मग राहू द्या तसंच," ते म्हणाले.

तिला ते पटलं नाही. सोमवारी दुकान बंद ठेवून ती सोलापूरला गेली आणि होटगीचं तिकीट काढून पॅसेंजरमध्ये बसली. समोरच्या म्हातारीचे गुडघे तिच्या गुडघ्यांना लागत होते.

"कुठं जायचं?" म्हातारीनं विचारलं.

"होटगीला. गाडी आतनं बघायला."

म्हातारीनं पाय आवरून तिला खिडकीकडं सरकू दिलं.

घरी येऊन नूरुन्निसानं गाद्या सोडवल्या आणि समोरासमोर बसवल्या.

डबा पोचल्यावर साहेबांनी विचारलं, "आता स्लीपरचा कराल?"

"करते. आधी त्यातनं एकदा जाऊन येते."