तळाची काळी फरशी

मित्रांनो, घटकाभर डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही पाच फूट पाण्याखाली उताणे पडला आहात. वर आभाळ हलते आहे. आवाज येतात ते कोंदट, लांबून आल्यासारखे. हात हलवावासाही वाटत नाही. मी वर्षानुवर्षे अशीच पडून आहे.

मी एक जुनी काळी फरशी आहे. राजोडीजवळच्या एका ज्येष्ठ नागरिक निवासात १९९८ साली पोहण्याचा तलाव बांधला. तेव्हा पांढऱ्या फरश्यांच्या मधोमध, सर्वांत खोल जागी मला बसवले. बसवणारा गवंडी म्हणाला, "काठावरून ही दिसली तर उतरायचं. नाही दिसली तर बाकावर बसून गप्पा हाणायच्या." दिसणे, एवढेच माझे काम. पहिली दोन वर्षे सगळे आजी-आजोबा उतरण्यापूर्वी मला शोधत. "आहे गं बाई जागेवर!" असे म्हणत. मला ते आवडत असावे.

मग तलावाची देखभाल काळूरामकडे आली. माणूस कष्टाळू, वाडीत वाढलेला. दर शनिवारी तो पाण्यात औषधाची पावडर टाकी, पाणी गाळायचे मशीन चालवी. रविवारी मुले-नातवंडे भेटायला येत, तेव्हा पाणी नितळ असे. गुरुवारपर्यंत त्याचे ताक होई. कोणी बोललेच तर तो म्हणे, "आमच्या विहिरीला पन आठवड्यानं एकदाच औषध. पानी आपलं आपन साफ होतं."

विहिरीचे ते खरे होते. विहिरीला खालून झरे असतात. आम्हाला टँकर होता. शिवाय विहिरीत रोज वीस माणसे डुंबत नाहीत.

एका गुरुवारी निवासातल्या व्हेरोनिकाबाईंचा पाण्यात पाय घसरला. त्या खाली आल्या. त्यांचा गाल माझ्यावर टेकला. वर माणसे हसत-बोलत होती. त्यांना तळ दिसत नव्हता. मला हात नाहीत. कोणाचा तरी पाय त्यांना लागला, तेव्हा त्यांना वर काढले. त्या वाचल्या, पण पुन्हा पाण्यात उतरल्या नाहीत. काठावर एक पाटी लागली: 'आपापल्या जबाबदारीवर उतरावे.' शनिवार मात्र तसाच राहिला. मीही पडून राहिले.

मे महिन्यात इथेच राहणाऱ्या जयवंतरावांची नऊ वर्षांची नात, अनुष्का, सुटीला आली. आजोबांचे गुडघे धरलेले. डॉक्टरांनी रोज पाण्यात चालायला सांगितले होते. त्या दिवशीही गुरुवारच होता. वरून आवाज आले.

"आजोबा, थांबा! काळी फरशी कुठाय? व्हेरोनिकाआजी म्हणाल्या, आधी ती बघायची."

"अगं, ती कुठं पळून जातेय? चार वर्षं उतरतोय मी. हो बाजूला."

काळूराम हसला. "पोरगी इन्स्पेक्टर झाली! परवा शनिवारच हाय ना, बाय."

"पण आजोबा तर आज उतरतायत."

आजोबांची पावले पायऱ्यांकडे वळली.

मित्रांनो, तलाव म्हणजे विहीर नव्हे. त्याला रोज औषध लागते, रोज गाळणे लागते. आणि उतरणाऱ्याने तळाकडे एकदा पाहायला हवे. मोठी माणसे विसरली तर त्यांना सांगायला लाजू नका. मी सांगू शकत नाही.

अनुष्का वाद घालत बसली नाही. ती सर्वांत वरच्या पायरीवर बसली, दोन्ही हातांनी दोन्हीकडचे कठडे धरून वाट अडवली, आणि म्हणाली, "काळूरामकाका, मशीन चालू करा. मी इथंच बसलेय."